१.१८० किलोची गोधडी

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

आजपासून नोंदी. भावना नाहीत, फक्त नोंदी.

आवडाआत्यानं, म्हणजे अप्पांच्या बहिणीनं, वैजापूरहून गोधडी पाठवली. नऊ जुन्या लुगड्यांची. ॲडलेडला असलेल्या माझ्या मोठ्या बहिणीच्या बाळासाठी. बाळाची तारीख २६ जानेवारी. आमच्या घरात बाळाला पहिल्यांदा टेकवतात ते आत्याच्या हातच्या गोधडीवर. म्हणजे गोधडी बाळाच्या आधी पोचली पाहिजे. एवढीच अट आहे.

वजन १.१८० किलो. लांबी ९२ सेंमी, रुंदी ७४.

संध्याकाळी निराला बाजारातल्या एका कुरिअरवाल्याकडे. त्यानं साडेचार किलोचा दर लावला. सव्वा किलोचे साडेचार कसे, विचारलं. म्हणाला, ‘मॅडम, खोक्यातली हवा पण विमानात जागा खाती ना.’ मी त्याला सांगितलं की मी वाळूजच्या कारखान्यात मेट्रॉलॉजी लॅब, म्हणजे मोजमापाची प्रयोगशाळा, सांभाळते, मला घनफळ शिकवू नका. म्हणाला, ‘मग तुम्हाला तर लवकर कळायला पाहिजे.’

लूट आहे. संकल्प : निम्म्या दरात पाठवीन. १५ डिसेंबरच्या आत पाठवीन. कुणाचीही मदत घेणार नाही.

१६ ऑक्टोबर

रेकॉर्डसाठी : या बहिणीशी मी चौदा महिने बोललेली नाही. जाताना एअरपोर्टवर, सासरच्या सगळ्यांसमोर म्हणाली, ‘हिला माणूस दिसत नाही, माणसाचं माप दिसतं.’ सगळे हसले. अप्पासुद्धा.

मी रागावलेली नाही. पार्सल हा तांत्रिक प्रश्न आहे आणि ती त्यातली प्राप्तकर्ती आहे. यापुढे नोंदीत तोच शब्द.

१९ ऑक्टोबर, शनिवार

एक्सेल शीट तयार. चौदा सेवा, अकरा रकाने. सात कंपन्या दर सांगत नाहीत, ‘आमचा प्रतिनिधी संपर्क करेल’ म्हणतात. प्रतिनिधी रोज सकाळी नऊला संपर्क करतात, कर्जासाठी.

एका वेबसाइटच्या यादीत आमचं शहर जुन्या नावानंच सापडतं, पण ते निवडलं की पिनकोड चुकीचा ठरतो. नवं नाव टाइप केलं तर शहरच अस्तित्वात नाही. चाळीस मिनिटं गेली. तक्रार केली. उत्तर आलं : ‘तुमच्या कौतुकाबद्दल आभार.’

दुपारी शेजारच्या द्वारकाबाई आल्या. त्या परदेशी काहीही पाठवतात, ‘जाणाऱ्या माणसा’बरोबर. पापड, कुरडया, एकदा पाटा. म्हणाल्या, ‘आमच्या फकिराचा पोरगा ॲडलेडलाच नोकरीला हाय. दिवाळीला येतोय, जानेवारीत चाललाय. दे त्याच्याजवळ. दोन किलोला तो नाय म्हणायचा नाय.’ मी म्हटलं, ही पद्धत नव्हे. यात ट्रॅकिंग नाही, पावती नाही, जबाबदारी निश्चित नाही. त्या म्हणाल्या, ‘अगं बाई, पोरगा हाय की. हरवला तर आमीच हुडकू.’

आईनं त्यांना चहा दिला. मी शीटमध्ये पंधरावी ओळ टाकली नाही.

२३ ऑक्टोबर

आई म्हणाली, प्राप्तकर्ती फोनवर म्हणत होती की तिला म्हणावं, तूच घेऊन ये, महिनाभर राहा.

शक्यता तपासली. माझं वजन ५४ किलो. १.१८० किलोच्या वस्तूबरोबर ५४ किलो अनावश्यक भार. कोणत्याही स्लॅबमध्ये बसत नाही. माझी ४१ दिवसांची रजा शिल्लक आहे आणि पासपोर्ट २०३१ पर्यंत चालतो, पण त्याचा इथं संबंध नाही.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

वैजापूरला. खोक्याच्या मापासाठी गोधडी बरोबर नेली होती. अप्पांना ओवाळून झाल्यावर आत्या म्हणाली, ‘गोधडीचा एक कोपरा कच्चा राह्यलाय, आण इकडं.’ ती ओसरीवर सुईदोरा घेऊन बसली. मी समोरच बसून मोबाईलवर खोक्याचं डिझाइन करत होते. आत्या बराच वेळ बडबडत होती, लेकराला काय काय लागतं वगैरे. मी हो हो म्हटलं. डिझाइन उत्तम झालं : ३० × २२ × १२. घनफळी वजन, म्हणजे खोक्याच्या मापावरून कुरिअरवाले धरतात ते, १.५८४ किलो. साडेचारचं दीडवर आणलं. हे कुणालाच सुचलं नव्हतं.

६ नोव्हेंबर

गोधडी परत मोजली. १.२२६. शेहेचाळीस ग्रॅम जास्त.

स्वयंपाकघरातला काटा भंगार आहे.

७ नोव्हेंबर

गोधडी लॅबमध्ये नेली. १.२२६. लॅबचा काटा तीन महिन्यांपूर्वी कॅलिब्रेट झाला होता. कसा केला होता ते दिसतंच आहे. कॅलिब्रेशन करणाऱ्या एजन्सीला कडक ईमेल. त्यांचा माणूस धावत आला, प्रमाणित वजनं ठेवून तपासलं, काटा बरोबर निघाला. त्याला म्हटलं, तुमची वजनं तपासा. तो गोधडीकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, ‘मॅडम, यात काही आहे का?’ मी म्हटलं, कापूस आहे.

आर्द्रता. कापूस हवेतलं पाणी शोषतो. त्याला हे शिकवलेलं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

गोधडी दिवसभर गच्चीवर उन्हात. १.२२४. दोन ग्रॅम आर्द्रता सिद्ध. उरलेले ४४ ग्रॅम दोऱ्याचे असणार, आत्या दोरा सढळ हातानं वापरते. एका कोपऱ्याची जाडी ९.२ मिमी भरली, इतरत्र ५.५. हातशिलाईत एवढा फरक येतोच. वास उग्र आहे. ट्रंकेचा.

प्रश्न सुटला.

२४ नोव्हेंबर

व्हॅक्यूम बॅग. बुधवारी लॅबच्या पंपानं हवा काढली. गोधडीची फळी झाली, ४१ मिमी. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुगलेली. बॅगला बारीक भोक, बरोबर त्या जाड कोपऱ्यापाशी. दुसरी बॅग. तिथंच भोक. बॅग बनवणाऱ्यांना फोटोसह तक्रार : तुमचा माल दर वेळी एकाच जागी फाटतो. उत्तर नाही. या देशात कुणाला आपल्या मालाची लाज नाही.

१५ डिसेंबर

आजच्या आत पार्सल जाणार होतं. आठवडाभर कारखान्यात ऑडिट होतं, त्यामुळे गेलं नाही. वेळापत्रकात बारा दिवसांची सवलत मी मुळातच मनात धरली होती.

पाचवी बॅग. कोपरा मधे दुमडून. यशस्वी.

द्वारकाबाई दारात : ‘काय गं, अजून हवाच काढतीस? लेकरू शाळंत जाईन तवर.’ आई हसली. आईनं हसायला नको होतं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

पोस्टात. शीटप्रमाणे दोन किलोपर्यंत सगळ्यात स्वस्त पोस्टच. काउंटरवरच्या पुंजाराम काकांना खोकं दिलं आणि घनफळी वजनाचा कागद दिला. त्यांनी कागद उलटा करून त्यावर पेन चालतंय का बघितलं. म्हणाले, ‘इथं घनफळ-बिनफळ नाय लागत, ताई. काट्यावरचं वजन लागतं.’

म्हणजे पाच बॅगा, आठ आठवडे आणि पंप यांची गरज नव्हती. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. ते त्यांच्या मागच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे, पण फलक लावणं म्हणजे सांगणं नव्हे.

मग कस्टमचा फॉर्म. काका म्हणाले, ‘आत खायचं, बी-बियाणं, पाला, मुळी काय नाय ना? तिकडं लई कडक असतंय.’ मी म्हटलं, शंभर टक्के कापूस.

‘उघडून बघितलं?’

‘मोजलंय,’ मी म्हटलं.

फॉर्मवर लिहिलं : हाताने शिवलेली सुती गोधडी, एक नग, कोणताही वनस्पतिजन्य पदार्थ नाही. खाली सही. काकांनी सहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

कुरिअरच्या दराच्या एक तृतीयांशाहून कमी. संकल्प पूर्ण. कॉलनीसाठी एक मार्गदर्शिका लिहावी असा विचार आहे.

४ जानेवारी २०२५

पार्सल मुंबईत. फकिरांचा मुलगा आज निघाला. द्वारकाबाई शेवटचं विचारायला आल्या होत्या. ट्रॅकिंगचा स्क्रीन दाखवला. ‘व्हय, पण ते मुंबईतच दिसतंय की,’ म्हणाल्या. मी म्हटलं, तरी दिसतंय.

११ जानेवारी

मुंबईत.

१७ जानेवारी

ऑस्ट्रेलियात. नऊ दिवस राखून. आईला सांगितलं. तिनं लगेच फोन लावला. मी स्वयंपाकघरातच होते, पण बोलले नाही. ताई फार खूश वाटली. प्राप्तकर्ती.

१९ जानेवारी

‘तपासणीसाठी राखून ठेवले.’ औपचारिकता.

२१ जानेवारी, मंगळवार

बाळ आज झालं, पाच दिवस आधी. मुलगी. २.९४० किलो. दोघी ठीक.

मी हिशोब २६ तारखेचा धरला होता. अशा तारखेसोबत अधिक-उणे किती, हे डॉक्टरांनी सांगायची पद्धत असायला हवी. आमच्या धंद्यात अधिक-उणेशिवाय आकडा कुणी देत नाही.

ट्रॅकिंग : राखून ठेवले.

२४ जानेवारी

ताईला तिथल्या तपासणी विभागाचं पत्र आलं. एक्स-रेत गोधडीच्या कोपऱ्यात वनस्पतीचं मूळ आणि एक काळी बी दिसली. फॉर्मवर मात्र काही नाही असं लिहिलंय. सही माझी.

आत्याला फोन केला. माझा आवाज चढला हे मान्य. ती शांतपणे म्हणाली, ‘वेखंड आन् बिब्बा घातलाय. लेकराच्या गोधडीत वेखंड नाय घालायचं तर काय दगड घालायचा? दिवाळीला तुझ्यासमोरच घातला की. तुला इचारलं, एक बिब्बा घालू का दोन? तू हो म्हणलीस.’

‘मग किती घातले?’

‘एकच. दोन घातले असते तर वजन वाढलं असतं ना. तुझं आपलं वजनाचं चाललं होतं.’

फोन ठेवला. चूक प्रक्रियेत आहे, माणसात नाही. पण प्रक्रिया माझी होती. ही ओळ खोडायची राहू दे.

२५ जानेवारी

ताईचा मेसेज. आईच्या फोनवर नाही, माझ्या. सतरा महिन्यांनी पहिला.

‘ते विचारतात नष्ट करू की पाठवणाऱ्याच्या खर्चानं परत पाठवू. काय करू?’

दुपारभर उत्तर लिहीत होते. पहिल्या मसुद्यात कापसाची आर्द्रता समजावली. दुसऱ्यात आत्याला दोष दिला. चौथ्यात बाळ कुणासारखं दिसतं ते विचारलं होतं. ते विषयाला धरून नव्हतं, काढलं. सातव्यात एक शब्द होता, तो लिहिता आला पण पाठवता आला नाही.

शेवटी पाठवलं : ‘परत.’

तिचं आलं : ‘बरं.’

मग अर्धा मिनिट ती काहीतरी टाइप करत असल्याचं दिसत होतं. मग दिसायचं थांबलं.

२ फेब्रुवारी, बारसं

व्हिडिओ कॉलवर. बाळ पाळण्यात. खाली लाल काठाची गोधडी, डोक्याला कुंची. दोन्ही द्वारकाबाईंच्या हातच्या. फकिरांच्या मुलानं ६ जानेवारीला, विमानतळावरून सरळ ताईच्या दारात पोचवल्या होत्या. द्वारकाबाईंनी मला हे महिनाभर सांगितलं नव्हतं. का नाही, विचारलं. म्हणाल्या, ‘तुझं पार्सल येत होतं की, पोरी. तुला कशाला वाईट वाटू द्यायचं?’

याचा फार राग आला. इतर सगळ्या रागांपेक्षा जास्त.

बाळाचं नाव मी नीट ऐकलं नाही. आवाज तुटत होता. आईला नंतर विचारलं. अन्विता.

१६ मार्च

परतीचं ट्रॅकिंग नाही. त्या दरात ते मिळत नाही. पाठवताना जे वाचवलं त्याच्या दुप्पट परतीला गेलं. शीट डिलीट केली.

ताईला अजून काही लिहिलेलं नाही. लिहिण्यासारखं काही निश्चित झालेलं नाही.

२० एप्रिल, रविवार, दुपार

गोधडी काल पोस्टात आली. पुंजाराम काका गेल्या महिन्यात रिटायर झाले, त्यामुळे काउंटरवरच्या नव्या मुलीनं सही घेतली आणि काही विचारलं नाही.

एक कोपरा सरळ रेषेत कापलेला. व्यवस्थित कापलाय, कात्री चांगली होती. आत्या म्हणते, आण, ठिगळ लावते. आई म्हणते, पुढच्या वेळी कुणी जाणारं असलं की देऊ. कुणी जाणारं, असं म्हणून तिनं माझ्याकडे बघितलं. मी कंपनीच्या पोर्टलवर रजा बघितली. मार्चअखेर लॅप्स झाली. आता चार दिवस.

बाहेर ३९ अंश. वजन करणार होते, केलं नाही. पंखा लावून पलंगावर पडले आणि गोधडी अंगावर ओढली. ती गुडघ्यापर्यंतच आली.

आईनं दार उघडलं, बघितलं, आणि हळूच लोटून घेतलं.