वीतभर कमी पाणी

दि. ४ एप्रिल

चि. गोट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन महिने झाले, तुझी एक ओळ नाही. जगाच्या जमिनीचं वजन करत फिरतोस, घरच्यांचाच तेवढा भार होतो वाटतं. असो. भांडायला वेळ नाही, नीट वाच.

बाबांचं गलबत झालं. तीस वर्षं, लोकांच्या होड्या दुरुस्त करून उरलेल्या वेळात, एकेक फळी बसवली आणि परवा शेवटचा रंगाचा हात दिला. शेजारीपाजारी पाण्यात कधी सोडणार म्हणून विचारतात. बाबा तारीख काढत नाहीत, रंग वाळू दे म्हणतात. मला वाटतं, त्यांना आनंद झेपत नाहीये.

काल बंदरावरचा वाटाड्या हळूच मला बाजूला घेऊन गेला. गोदीच्या तोंडाशी पाण्याखाली तो खडक आहे ना, आपण ज्याला उंबरठा म्हणतो, त्यावर त्याने काठी टाकून पाहिली. गलबताचा तळ जेवढा बुडतो त्याहून पाणी वीतभर कमी आहे. मी त्याला वेड्यात काढलं. बाबांनी कामाला हात घालायच्या आधी खोली मोजली होती, वर चार बोटं मोकळी सोडली होती. लाकूड रोज मोजायचं, दगड एकदाच, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं. मग चुकलं कुठे? तुझी यंत्रं घेऊन ये आणि त्या वाटाड्याची काठी खोटी ठरव. बाबांना यातलं काही बोललेली नाही.

जेवत जा वेळेवर. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

दि. २६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात येऊन गेलो तेव्हा बाबा सतत आसपास होते, म्हणून बोलता आलं नाही. वाटाड्याची काठी खरी आहे.

गलबतातून माल उतरवला की ते पाण्यात वर येतं, हे तुला मी काय सांगायचं? जमीनही तशीच तरंगते. खूप खोलवर तापलेला खडक आहे, डांबरासारखा सावकाश सरकणारा, त्यावर ती टेकली आहे. डोंगर जितका उंच तितकं त्याचं बूड खाली खोल, तेव्हा कुठे तोल राहतो. आपल्या या उत्तर टोकाच्या किनाऱ्यावर एके काळी कोस-कोसभर जाडीचा बर्फ होता. तो वितळून दहा हजार वर्षं होत आली. माल उतरला, पण खालचा खडक इतका आळशी की जमीन अजून उठतेच आहे. वर्षाला नऊ मिलिमीटर. तीस वर्षांत सत्तावीस सेंटिमीटर. बाबांची चार बोटं गेली आणि वर वीतभर गेली. बाबांनी लाकडात कुठेच चूक केली नाही. दगड एकदाच मोजला, एवढंच.

थांबेल का, हे तू विचारणारच. माझं यंत्र जमिनीची ओढ, म्हणजे गुरुत्वाकर्षण, मोजतं. बर्फाने बाजूला ढकललेला खडक सगळा परत आला असता तर आपल्याकडे ओढ पुरी भरली असती. ती कमी भरते. तूट आहे तोवर जमीन उचलली जाणार, अजून शंभरेक मीटर तरी. पाणी परत यायचं नाही, ताई. दर वर्षी थोडं कमीच होईल. बाबांना सांगून टाकावं असं मला वाटतं.

रागावलीस तरी आपला म्हण.

तुझा,
गोट्या

दि. ९ मे

चि. गोट्यास,
अनेक आशीर्वाद.

सांगून टाकावं म्हणे. सांगणं सोपं आहे, इथे राहतंय कोण? इंजिन काढायचा विचार केला, त्याने गलबत चार बोटंच वर येतं. तळात तोलासाठी भरलेले दगड काढले तर गलबत कलंडतं. उंबरठा फोडायला बंदर कचेरीने साफ नकार दिला. पाच वर्षांत हे बंदरच बंद करायचंय म्हणाले. म्हणजे सगळ्या वाटा संपल्या.

बाबांचा खोकला छातीत उतरलाय. डॉक्टर माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघतात. ते गलबत आहे म्हणून बाबा आहेत. तू त्यांना लिही, पुढच्या वर्षी पाणी चढणार आहे, तोवर थांबा. तुझं खरं मानतील. शिकलेला आहेस, एकदा तरी उपयोगी पड.

माझ्यावर जीव असेल तर एवढं करशील.

तुझी,
ताई

दि. १२ मे

चि. गोट्यास,
अनेक आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही, समजून वाच.

तू मोजायला आला होतास ते ओळखलं. उंबरठ्यावर पाणी कमी आहे हे मला अकरा वर्षांपासून ठाऊक आहे. जावई गेले ते साल. ताई इथे आली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तेव्हा मी गलबत मोडायलाच निघालो होतो. एका सकाळी ती आपण होऊन आली, रंधा उचलला आणि एक फळी साफ केली. मग कसं मोडू? तेव्हापासून चांगल्या फळ्या कुजल्या म्हणून काढतो आणि पुन्हा बसवतो. तिला कळलेलं नाही. आता रंगही झाला, सबबी संपल्या.

तू तिला लिही, की पुढच्या वर्षी पाणी चढेल. तुझं ती मानते. माझ्यामागे तिला पहाटे उठायला काहीतरी हवं.

तब्येत सांभाळ. म्हाताऱ्याला मनातून काढू नकोस.

बाबा

दि. २० मे

तीर्थरूप बाबांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. सांगितलंत तसं ताईला लिहिलं, आणि तिचा विश्वास बसला. तिच्यासमोर तुम्हीही तेच म्हणावं, पुढच्या वर्षी पाणी चढणार आहे. डाव्या अंगाच्या दोन फळ्या मला जरा नरम वाटल्या होत्या. तुम्ही दोघांनी मिळून त्या बदलून घ्याव्यात.

पायांशी जागा असू द्यावी.

आपला,
गोट्या