पाखरांची पुसलेली नावं

४ फेब्रुवारी
लाउतारो मास्तरांचा संगणक माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आला. आणला त्यांच्या बायकोने, एन्रिकेताबाईंनी. शालीत गुंडाळून! अकरा वर्षं मास्तर सारागुरोच्या डोंगरात फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून पाखरांची किच्वा भाषेतली नावं गोळा करतायत. सगळं यातच. दुसरी प्रत नाही. वह्या टंकून झाल्या की बाई चुलीत घालायच्या. "पसारा नको म्हणून गं, नेलिदा."

अपडेट चालू असताना वीज गेली. मग यंत्र सुरूच होईना. 'दुरुस्ती चालू आहे' म्हणायचं आणि पुन्हा तिथेच. मास्तर बाजारात गेलेले. बाईंनी बटण दाबलं: सगळं काढून नव्याने सुरू करा.

"नव्याने म्हटल्यावर मला बरंच वाटलं!"

मास्तरांना अजून बोललेल्या नाहीत. त्यांना वाटतंय, विजेनेच गेलं.

५ फेब्रुवारी
आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल घेतली. पुसलेल्या फायलींचा शोध नकलेवरच. मूळ डिस्क जितकी चालवावी, तितकं नवं जुन्यावर बसत जातं.

६ फेब्रुवारी
मास्तर स्वतः आले. टोपी हातात.

"जुन्या तारखेला परत नेता येतं म्हणे?"

म्हटलं, येतं. पण त्याने यंत्राची व्यवस्था मागे जाते, आपण लिहिलेलं परत मिळत नाही. आणि आता तर त्या जुन्या तारखाही पुसल्या गेल्यात.

"म्हणजे शाळा उघडते, पोरं येत नाहीत!" हसले. मला हसू आलं नाही. पुसल्या कोणी, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी
शोध संपला. तीनशे बारा तुकडे. फायलींची नावं गेलेली. उघडले फक्त सत्तेचाळीस, त्यातलेही अर्धे वाक्याच्या मधेच तुटलेले. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, फक्त तिची जागा मोकळी धरली जाते. म्हणून आशा होती. पण त्या जागी नवी व्यवस्था येऊन बसली. तिच्या खालचं वाचणारं साधन माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही.

१० फेब्रुवारी
दोघांना समोर बसवून सांगितलं. बाईच बोलल्या — "मी दाबलं हो."

"ठाऊक होतं. बटणांवर मक्याचं पीठ होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

मी उगाच आत जाऊन चहा ठेवला.

१३ फेब्रुवारी
सकाळच्या बसने दोघं सारागुरोला गेले. पुन्हा पहिल्यापासून! नावं सांगणाऱ्या नऊ जणांपैकी तिघंच हयात आहेत. मास्तरांचा हात आता कापतो, म्हणून वही बाईंकडे.

१४ फेब्रुवारी
दिवसभर इतर गिऱ्हाइकांचे प्रिंटर.

१७ फेब्रुवारी
बाईंचा फोन. त्या तिघांतल्या रोसाउरा आजीने मास्तरांना तेव्हा तेरा नावं दिली होती. आज बाई चुलीपाशी तिच्याशेजारी बसल्या, तर एकोणीस! सहा तिने कधी सांगितलीच नव्हती. म्हणाली, "ती पाखरांची बायकाबायकांतली नावं. पुरुषाला कशी सांगू?"

मास्तर बाहेर अंगणात उभे आहेत. आत यायची परवानगी नाही.