खोल बाजूच्या खुर्चीवर टोपी व चष्मा वापरू देणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
क्रीडा व जलतरण विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय : कामावर असताना रुंद काठाची टोपी, गडद चष्मा व लांब बाह्यांचा सदरा वापरण्यास परवानगी मिळणेबाबत, तसेच या वस्तू वापरल्याबद्दल बजावलेली नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस. २) गणवेश नियमावली, प्रकरण ‘जीवरक्षक’. ३) अर्जदाराचे याच विषयावरील आधीचे अर्ज.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही सार्वजनिक तरण तलावावर जीवरक्षक आहे. तलाव उघड्यावर आहे. खोल बाजूला जी उंच पांढरी खुर्ची आहे तिच्यावर अर्जदाराची नेमणूक असून पोहायला येणारी मुले तिला शिट्टीताई म्हणतात. “अर्जात ‘मी’, ‘माझं’ फार नको, साहेबांना ते खटकतं,” असे हेडक्लार्क यांनी सांगितल्यामुळे अर्जदार स्वतःची हकीकत परक्या बाईची सांगावी तशी सांगत आहे. गैरसमज नसावा. सोलवटलेले नाक तिचे स्वतःचेच आहे.

१. नियमावलीप्रमाणे जीवरक्षकाचा गणवेश म्हणजे लाल बिनबाह्यांचा बनियन, आखूड पँट आणि विभागाचे चिन्ह असलेली, काठ नसलेली गोल टोपी. ही टोपी डोक्याचा जेवढा भाग झाकते तेवढ्या भागावर अर्जदाराचे केस आहेतच. कपाळ, कान, मान आणि खांदे यांची नियमावलीने काहीच व्यवस्था केलेली नाही. ऊन वरून येते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तलावाच्या काठी ते पाण्यावरून आणि पांढऱ्या फरश्यांवरून उलटून खालूनही येते. त्यामुळे अर्जदाराच्या हनुवटीखालीसुद्धा चटके बसतात. बनियनच्या काठावरची काळ्या-गोऱ्या कातडीची रेघ पाहून बहिणीच्या मुलीने अर्जदाराला विचारले, “मावशी, तू दोन बायकांची मिळून केली आहेस का?” अर्जदाराचे यजमान रंगारी आहेत. त्यांनी तिचे खांदे पाहून, “हे आधी घासून काढावं लागेल, मग पहिला हात,” असे धंद्याच्या भाषेत मत दिले आणि मग गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या.

२. कातडीचे अर्जदाराने एक वेळ मनावर घेतले नसते. पण संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले, डोळे लाल राहू लागले आणि घरी सगळे विचारू लागले की तू रडलीस का. तेव्हा ती डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी उजेड पाडून तपासले आणि विचारले, “दिवसातून किती वेळ उन्हात असता?”

“सावलीत किती वेळ असते ते विचारा, ते सांगायला सोपं आहे,” असे अर्जदाराने सांगितले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर कोपऱ्यातून मांसाचा पातळ पडदा वाढू लागला आहे व तो बुबुळाकडे सरकतो आहे, असे त्यांनी आरसा दाखवून समजावले. “आत्ता थांबवता येईल. पुढे गेलं तर कापावं लागेल,” असे म्हणून त्यांनी रुंद काठाची टोपी, लांब बाह्या, दोन-दोन तासांनी सनस्क्रीन आणि चष्मा सांगितला. चष्म्याविषयी त्या विशेष कडक होत्या. “रस्त्यावरची काळी काच घेऊ नका. अतिनील किरण अडवणारीच घ्या. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि नको ते उलट जास्त आत शिरतं. आणि ढग आले म्हणून काढून ठेवू नका.” सनस्क्रीनला परवानगी लागत नसल्यामुळे ते अर्जदार त्या दिवसापासून लावते. बाकीच्या तीन गोष्टींसाठी तिने रीतसर अर्ज केले.

३. पहिल्या अर्जावर कार्यालयाने तत्परतेने मोठी छत्री दिली. त्याबद्दल अर्जदार ऋणी आहे. परंतु खालून येणारे ऊन छत्रीला कळत नाही, आणि वारा मात्र लगेच कळतो. पहिल्याच आठवड्यात ती खुर्चीवरून उडाली व शिकाऊ बायकांच्या वर्गावर जाऊन पडली. कोणाला लागले नाही. दोघी घाबरून पोहायला मात्र शिकल्या.

दुसऱ्या अर्जावर तलावाचे व्यवस्थापक साहेब स्वतः खुर्चीखाली येऊन उभे राहिले. ते शिस्तीचे व सज्जन गृहस्थ आहेत. त्यांची शंका अशी की, “काळ्या चष्म्यामागे तुमचे डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे मला कळणार कसं?” अर्जदाराने भाबडेपणाने, “अधूनमधून शिट्टी वाजवत जाईन,” असे सुचवले. लगेच चष्म्याची तात्पुरती चाचणी मंजूर झाली. पण शिट्टी म्हणजे ‘बाहेर या’ असे पोहणाऱ्यांना आम्हीच शिकवलेले असल्याने प्रत्येक शिट्टीला सगळा तलाव काठावर येऊन उभा राहू लागला. अर्ध्या सकाळीच चाचणी बंद करण्यात आली.

तिसऱ्या अर्जावर, काचांवर बाहेरून उघडे डोळे रंगवून घ्यावेत, अशी तोंडी सूचना आली. यजमानांनी जुन्या चष्म्यावर नमुना करून दिला. काम सुबक होते. तो लावून अर्जदाराला काहीच दिसेना, आणि तिला पाहून लहान मुलांचा वर्ग पाण्यात उतरेना. सूचना मागे घेण्यात आली व अर्जदारास पूर्वीप्रमाणे उघड्या डोळ्यांनी बसण्यास सांगण्यात आले. ती बसली.

४. आता ज्या दिवसाबद्दल नोटीस आहे त्या दिवसाविषयी.

ऐन दुपार होती. तलावात थोडीच माणसे होती, त्यांत निवृत्त हेडमास्तर होते. ते रोज याच वेळी येतात, खोल बाजूला उताणे पडून संथपणे हात मारतात आणि कोणाशी बोलत नाहीत. वारा पडला होता. नवा पत्रा आडवा टाकावा तसे पाण्यावर ऊन पसरले होते. अर्जदार डोळे किलकिले करून, हाताचा आडोसा धरून पाहत होती. हेडमास्तर मघाशी होते तिथे दिसले नाहीत. ते शिडीने वर चढून गेले असतील असे तिला वाटले, कारण तसे ते कधी कधी जात. पण शिडी ओली नव्हती.

तिच्या पिशवीत स्वतःचा चष्मा होता, डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला, पाण्यावरची चकाकी अडवणारा. कामावर तो लावायचा नाही असा लेखी हुकूम होता. अर्जदाराने तो लावला आणि वर यजमानांनी आणलेली गवती टोपीही चढवली, कारण टोपीशिवाय काचेच्या वरून ऊन येते. पत्रा विरघळल्यासारखा नाहीसा झाला. तळाच्या निळ्या फरश्या दिसल्या, फरश्यांमधल्या रेघा दिसल्या, आणि त्या रेघांवर पोटरी दोन्ही हातांत धरून आडवे झालेले हेडमास्तर दिसले.

अर्जदार टोपी-चष्म्यासकट उतरली. चष्मा काढावा हे तिला सुचले नाही. हेडमास्तर वजनाने बेताचे आहेत, पण बुडणारा माणूस बेताचा राहत नाही. त्यांनी तिच्या गळ्याला मिठी मारली, ती सोडवून तिने त्यांना काठाशी आणले, पालथे केले, पाठीवर थापट्या मारल्या. त्यांनी पाणी ओकले, श्वास घेतला, डोळे उघडले आणि अत्यंत अस्पष्ट आवाजात काहीतरी सांगितले. अर्जदाराने कान तोंडाशी नेला. ते म्हणत होते, “कवळी. खाली राहिली.” अर्जदाराने पुन्हा बुडी मारून ती आणून दिली. कवळी बसवल्यावर ते स्वच्छ म्हणाले, “बाई, उपकार झाले.”

तोवर व्यवस्थापक साहेब धावत आले होते. त्यांनी हेडमास्तरांना उचलायला हात दिला, टॉवेल आणवला, रुग्णवाहिका बोलावली. मग त्यांची नजर पाण्यावर गेली आणि त्यांनी विचारले, “ही तरंगतेय ती टोपी कोणाची?”

त्या दिवशी घरी अर्जदार चहा गार होईपर्यंत बोटांवर काहीतरी मोजत बसली. यजमान म्हणाले, “वाचले ना ते, मग आता कसली मोजणी?” अर्जदाराने त्यांना जे सांगितले ते आपल्याही कानावर घालणे ती कर्तव्य समजते. मोजणी त्या दिवसाची नव्हतीच. याआधी किती दुपारी ती त्याच पत्र्याकडे बघून ‘तळ मोकळा आहे’ असे मनाशी म्हणाली असेल, हे तिला मोजता येत नव्हते.

५. नोटिशीत अर्जदारावर असे आरोप आहेत : विनापरवाना शिरोभूषण, विनापरवाना चष्मा, आणि तलावात बाहेरील वस्तू, म्हणजे टोपी, टाकणे. तिन्ही खरे आहेत. टोपी व चष्मा व्यवस्थापक साहेबांच्या कपाटात जमा असून त्यांची पोच अर्जदाराकडे आहे. हेडमास्तर बरे झाल्यावर काठी टेकत साहेबांकडे आले होते व “मला गणवेशाबाहेरच्या बाईनं काढलं म्हणून मी परत बुडून दाखवू का?” असे त्यांनी शांतपणे विचारले. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि, “मला मनापासून पटतंय हो, पण नियम वरून बदलतो,” असे सांगितले. म्हणून हा अर्ज वर येत आहे.

६. अर्जदाराची प्रार्थना एवढीच की, नोटीस रद्द व्हावी. गणवेशात टोपीला सगळीकडून काठ, सदऱ्याला बाह्या आणि जीवरक्षकाला चष्मा मिळावा. आणि हे फक्त अर्जदारापुरते नसून उथळ बाजूच्या खुर्चीवर बसणाऱ्या जीवरक्षकालाही मिळावे. त्याचे कान पाहिले तर आपण लगेच सही कराल. डोळे उघडे आहेत की नाहीत हे तपासायचे असल्यास खुर्चीखाली येऊन कोणीही हाक मारावी. अर्जदार ओ देते.

७. शेवटी एक बाब, जी लिहू की नको असे अर्जदाराला झाले होते. आपण स्वतः दर रविवारी दुपारी तलावावर येता व खोल बाजूला पोहता, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. काल रविवारीही आपण आलात. अर्जदार नियमाप्रमाणे गोल टोपी घालून, चष्म्याशिवाय खुर्चीवर होती. आपण सूर मारलात तो तिने ऐकला. त्यानंतर आपण कपडे बदलून बाहेर येईपर्यंत आपण तिला दिसला नाहीत. तरी परवानगीचा हुकूम निघेपर्यंत आपण कृपया उथळ बाजूला पोहावे, ही नम्र विनंती.

आपली नम्र व डोळे किलकिले केलेली,

(सही)
जीवरक्षक, खोल बाजू

दिनांक : सोमवार, सकाळी, ऊन चढण्यापूर्वी

सोबत : १) डॉक्टरीणबाईंचे प्रमाणपत्र. २) हेडमास्तरांचे स्वहस्ते निवेदन, शुद्धलेखन तपासलेले.