सीलचे दोन नंबर

तीर्थस्वरूप मामांस,

तुम्ही म्हणालात, "कंटेनरच चालव. दार सीलबंद, आपल्या डोक्याला ताप नाही." पण शिकायला तुमच्यासोबत आलो, तेव्हा निघताना मी सीलचा नंबर वहीत लिहून घेतला होता. वाटेत तुम्ही मला एकट्याला चहाला पाठवलंत. परत आलो तर दारावर दुसरंच सील, दुसराच नंबर! विचारलं तर हसलात, "शहाण्या, आपण फक्त चाकं फिरवायची."

उद्यापासून मी उघड्या ट्रकवर विटा वाहणार आहे. धूळ खाईन, पण माल डोळ्यांसमोर राहील.

कारण मात्र कळवणार नाही. तुम्हाला वाचता येत नाही, तुमची पत्रं मामीच मोठ्याने वाचून दाखवते, आणि हे तिला कळायला नको. म्हणून हे पत्र वहीतच ठेवतो, त्या दोन नंबरांपाशी.

तुमचा,
सगळं लिहून ठेवणारा भाचा