शिंगांचा जांभळा रंग

भावजी,

मी शाळंत गेलेय. आपल्या क्रांतीच्या मुलाणी बाईंच्या धर्मावरनं शाळंच्या भिंतीवर घाण लिवलीया, काचाबी फोडल्यात. काल पोरगी रडत आली, म्हणाली, "आई, आमच्या बाई वाईट हायत व्हय?"

लिवलंय जांभळ्या ऑइलपेंटनं. बेंदराला बैलांची शिंगं रंगवून उरलेला आपला डबा गोठ्यात रिकामा पडलाय. तुमच्या नखांत तोच रंग अजून हाय. ह्यांना मी बोलले न्हाई.

काल चुना मारला, तरी अक्षरं वर येत्यात. घासायलाच पायजे. रॉकेल मी नेलंय, तारेचा ब्रश उंबऱ्यावर हाय. भाकरी झाकून ठेवलीया, खाऊन या.

क्रांती शाळंच्या फाटकापाशी थांबलीया. काका भिंत धुवायला येणार, असं तिनं बाईंना आधीच सांगितलंय.

वैनी