प्लास्टिकखालचं कार्ड

गोडादरा, सुरत
६ जानेवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

१. २४ नोव्हेंबर. डोहाळजेवण. ओटी भरताना माझ्या तपासणीच्या कार्डावर कुंकू सांडलं.
२. २५ नोव्हेंबर. सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, कार्ड पुसलं आणि पुन्हा खराब होऊ नये म्हणून लॅमिनेट करून आणलं. दोन्ही बाजूंनी.
३. २९ नोव्हेंबर. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरचं पेन प्लास्टिकवर उठेना. रक्तदाब १२४/८०, एका चिठ्ठीवर लिहून दिला. चिठ्ठी सौरभच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेली.
४. १३ डिसेंबर. १३०/८४. दुसरी चिठ्ठी. अप्पांनी ती पोथीत खूण म्हणून ठेवली.
५. २७ डिसेंबर. १३६/८८. नवी सिस्टर. तिने प्लास्टिकखालचा शेवटचा आकडा पाहिला: ११०/७०, नोव्हेंबरचा. आजचाही १४०च्या आत आहे, बधुं बराबर, सगळं ठीक, असं म्हणून पुढच्या बाईला हाक मारली.
६. ३ जानेवारी. कारखान्यात डोकं दुखलं. १४८/९६. चार तासांनी पुन्हा मोजला, १५०/९६.
७. ४ जानेवारी. डॉक्टर. लघवीत प्रोटीन. गोळ्या सुरू, प्रवास बंद. सदतीस आठवडे पूर्ण होतात त्या दिवशी, २५ जानेवारीला, कळा आणायच्या. आकडे चढले तर आधीच.

फोनवर बाबा स्पीकर लावतात आणि तू रडतेस, म्हणून हे लिहून हिलालभाऊंच्या अमळनेरच्या बसने पाठवते आहे.

सचिन औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्याच्या लॅबमध्ये मी दिवसभर कापडाचा रंग तपासते. एकेक नमुना मर्यादेत असला, तरी सलग तीन नमुने एकाच बाजूला सरकले की आम्ही मशीन थांबवतो. साडीची एवढी काळजी घेतली जाते. मी साडी नव्हे, त्यामुळे मला पुढच्या तारखेला बोलावलं. अर्थात ते तीन आकडे मीही कुठे उतरवून ठेवले नाहीत. कारखान्यात असं केलं असतं, तर मेमो मिळाला असता.

प्रवास बंद म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणं बंद. तेव्हा तू इकडे ये. प्रसूतीच्या खोलीत सोबत एक बाई चालते. सासूबाई गेल्यापासून या घरात बाई मी एकटीच, आणि मी तर आतच असेन.

लोभ आहेच, या महिन्यात जरा जास्त लागेल.

तुझी,
शर्वरी


अमळनेर
८ जानेवारी २०२५

चि. सौ. शर्वरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र आहे की पंचनामा, असं बाबांनी विचारलं. सात मुद्दे, आणि आई कशी आहेस हे एकदाही नाही. मी बरी आहे.

इथे तुझ्या खोलीला रंग दिला, खाट उन्हात ठेवून ढेकणांना निरोप दिला. अळीव, डिंक, खारीक आणून ठेवलं. मालिशवाली सखुबाई दोन महिन्यांपूर्वीच सांगून ठेवली होती. तुझ्यासाठी तिने तहसीलदारांच्या सुनेला नकार दिला. आता तिला काय सांगू, मशीन नाही म्हणालं?

पायांना सूज, डोकेदुखी पहिलटकरणीला असतेच. मलाही होती, तरी मी नववा लागेपर्यंत पेपर तपासले. मीठ कमी कर. आणि दिवसातून दोनदा मोजला तर कोणाचाही वाढेल. लहानपणी तापात फणफणलेली असताना थर्मामीटर माझ्या हातातून घेऊन तू मलाच चूक दाखवायचीस.

राहिलं माझं येणं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हे आपल्यात चालत आलंय. डोहाळजेवणालाही आम्ही पाच लिटरचा जार घरून आणला, तेव्हा तू हसलीस. आता तीन आठवड्यांचे किती जार आणू? लोकांचं सोड गं. पण मी ते पाणी प्यायले आणि बाळाला काही झालं, तर जन्मभर मी त्या एका घोटालाच दोष देईन. माझं मन मला ठाऊक आहे.

बाबांनी हिलालभाऊंकडे १७ तारखेची झोपायची सीट सांगून ठेवली आहे. गाडी हळू चालवा, खड्डे चुकवा, असं बजावलंय. तू डॉक्टरांना गोड बोलून विचार. गोड बोलणं म्हणजे काय, ते सौरभरावांना विचार.

चंद्रकांतरावांना नमस्कार. माझी माया आहे तेवढी आहे, ती मोजायला घेऊ नकोस.

तुझी आई,
विजया


गोडादरा, सुरत
११ जानेवारी २०२५

सौ. विजयाताईंस,
चंद्रकांतचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र वाचून सूनबाईने त्याची बारीक घडी घातली आणि जेवण अर्धंच केलं.

कार्डाची चूक माझी. घरात आता माझं नाव प्लास्टिकअप्पा पडलं आहे, ते योग्यच आहे. एवढंच सांगतो, की सौरभच्या वेळी आमच्या इंदूला दवाखान्यात नेलं, तेव्हा पिशवीत दूध सांडून तिच्या कागदांचा लगदा झाला होता. रक्तगट कोणाला वाचता येईना. रक्त मिळायला दोन तास गेले. ती वाचली, पण ते दोन तास माझ्यातून गेले नाहीत. तेव्हापासून हाती येईल तो कागद मी प्लास्टिकमध्ये घालतो. लाइटबिलही सोडत नाही. नीट जपलेला कागद असाही नडेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आता तुमच्या पाण्याचं. घर माझ्या नावावर आहे. पुढची खोली मी तुम्हाला रीतसर भाड्याने देतो. भाडं रोज सकाळी एक कप चहा, तुमच्या हातचा, तुमच्या वेगळ्या शेगडीवर केलेला. भाडेकरू आपल्या खोलीत पाणी पितो, त्याला लेकीच्या घरचं पाणी कोणी म्हणत नाही. टाकी एकच आहे का, हे कृपया विचारू नका.

करार सोबत जोडला आहे. चाळीस वर्षं कारकुनी केली, मसुद्यात खोट सापडणार नाही. अजून लॅमिनेट केलेला नाही. आधी सही, मग प्लास्टिक, एवढं या वयात शिकलो.

व्याह्यांना नमस्कार. राग असेल तर माझ्यावर ठेवा, पोरीवर नको.

आपला,
चंद्रकांत


गोडादरा, सुरत
१३ जानेवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, कशी आहेस? हा मुद्दा या वेळी पहिला घेतला.

हिलालभाऊ गाडी हळू चालवतील, हे डॉक्टरांना सांगितलं. रक्तदाबालाही तसं बजावता येतं का, असं त्यांनी विचारलं. मी गोड बोलूनच विचारलं होतं. सौरभ साक्षीला होता.

तुलाही सूज होती म्हणतेस. तुझा आकडा किती होता, ते लिहिलं नाहीस, कारण तो कोणी घेतलाच नव्हता. तू निभावलीस, म्हणजे धोका नव्हता असं नाही. तुझं नशीब चांगलं होतं. माझ्या कार्डावर नशिबाचा रकाना नाही.

केंद्रातून नवं कार्ड मिळालं. जुने आकडे मी त्यात उतरवले. पोथीतली चिठ्ठी सापडली, खिशातली आठवणीतून लिहिली आणि तसं नमूद केलं. नवं कार्ड टेबलावर ठेवलं, तेव्हा अप्पा हात पाठीमागे बांधून उभे होते. रोज दोन्ही वेळा सौरभ मोजतो. वाचताना त्याचा आवाज माझ्या आकड्यापेक्षा वर जातो.

अप्पांचा करार कोर्टात टिकणार नाही. स्टॅम्प नाही आणि साक्षीदार एकच, तोही त्यांचा मुलगा. पण तू कोर्टाला घाबरत नाहीस, तू त्या घोटाला घाबरतेस. बाळाला काही झालं तर पाण्याला दोष देशील, असं लिहिलंस. तू आली नाहीस आणि काही झालं, तर कोणाला देशील, ते लिहिलं नाहीस. हा मुद्दा तुझ्या पत्रात राहून गेला आहे.

आज सकाळी १५२/९८. १६०ला पोचला तर त्याच दिवशी भरती. म्हणजे आठ अंक उरले. हॉस्पिटलचा फॉर्म शुक्रवारी द्यायचा आहे. त्यात आत सोबत थांबणाऱ्या बाईचं नाव लिहायचं असतं. शेजारची कविता तयार आहे, चांगली आहे, दोन बाळंतपणं तिने पाहिली आहेत. तिचं नाव पेन्सिलने लिहून ठेवलं आहे. मला ती नको आहे.

मला भीती वाटते. हे वाक्य दोनदा तपासलं. दुरुस्ती नाही.

माझा लोभ मलाही मोजता येत नाही. यंत्र तेवढं चांगलं नाही. बाबांना नमस्कार. हिलालभाऊंकडची १७ तारखेची सीट रद्द करू नका, फक्त ती अमळनेरहून सुरतेला करून घ्या. जार आणलास तरी चालेल.

येणार की नाही, ते गुरुवार, १६ जानेवारीपर्यंत कळव.

तुझी,
शर्वरी