चांदीपचा उतार

॥ श्री ॥
चांदीप, ता. वसई
८ फेब्रुवारी २००९

ती. अक्का हिस,
विनयाचे सा. न. वि. वि.

तुझं पत्र पावलं. भाऊजींचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. पत्रं कसली लिहितेस, मावशीला फोन कर, असं परेश बंगळूरहून मला सांगत असतो. पण तुला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनानं जुळवतेस. त्यापेक्षा पत्रच बरं.

इथे एक नवीनच उपटलंय. माझ्या घरासमोरचा डोंगराचा उतार, जिथे गुरं चरतात आणि पावसाळ्यात ओहोळ वाहतो, तो सगळा एका कंपनीला हवा आहे. सौरऊर्जेचा प्रकल्प म्हणे. पायथ्यापासून वरपर्यंत काळ्या काचांच्या रांगा आणि भोवती तारेचं कुंपण. ह्यांनी वसईच्या एव्हरशाईन सिटीतला फ्लॅट विकून इथे घर बांधलं, ते त्या उताराकडे तोंड करून. त्या ओटीवर वर्षभरसुद्धा बसायला मिळालं नाही त्यांना. मी बसते, तर आता समोर काचा बघायच्या?

काल इथल्या बंगल्यांतले लोक आणि गावातले काही गुरंवाले माझ्याकडे जमले होते. निवेदन मी लिहायचं ठरलं. शाळेत मराठी शिकवत होते ना. घरात एवढी माणसं हे गेले त्या दिवसानंतर आली नव्हती. चहाचे कप कमी पडले, ते शेजारच्या कृष्णाबाईंकडून आणले. त्या रोज दुपारी तांब्याभर ताक घेऊन येतात आणि घटकाभर टेकतात, त्या. कप दिले आणि आत निघून गेल्या. त्यांची जमीनही त्याच उतारावर आहे.

भाऊजींना नमस्कार, उन्नतीला परीक्षेसाठी आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे.

तुझी
विनया


॥ श्री ॥
मिरज
२० फेब्रुवारी २००९

चि. विनया हिस,
अक्काचे अ. आ.

इथे रोज सकाळ-संध्याकाळ वीज जाते. मिक्सर बंद, म्हणून मी या वयात पाट्यावर चटणी वाटते आहे. नात मेणबत्तीच्या उजेडात दहावीचा अभ्यास करते. आणि आमच्या बाईसाहेब उन्हातून फुकट येणाऱ्या विजेला दारातून हाकलून देताहेत! तुझे भाऊजी म्हणतात, विनयाला नको असेल तर तो कारखाना आमच्या गच्चीवर पाठवून दे.

थट्टा सोड. तुझं पत्र पाहून बरं वाटलं. तुझे यजमान गेल्यापासून तुझी पत्रं चार ओळींची व्हायची, जेवले, झोपले, ठीक आहे. या वेळी पानं भरली आहेत. भांडण तुला मानवलेलं दिसतंय.

एकच सांगते. त्या कृष्णाबाईंना काय हवंय ते विचारलंस का? तू एकटी राहतेस. सभेला येणारी माणसं सभेपुरती असतात. रोज येऊन टेकणारं माणूस जपावं.

परेशला मी रागावले आहे म्हणून कळव. दिवाळीलाही आईकडे यायला जमत नाही म्हणजे काय? तब्येत सांभाळ, आणि मला विसरू नकोस.

तुझी
अक्का


॥ श्री ॥
चांदीप
१७ मे २००९

ती. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. रोज कुणी ना कुणी येतं. कुणी कात्रणं आणतं, कुणी फणस. तहसील कचेरीत मला आता नावाने ओळखतात. उन्नतीला चांगले मार्क पडोत, मी देवापाशी साखर ठेवली आहे.

परवा ग्रामसभा झाली. कंपनीचे साहेब आले होते. कृष्णाबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आमच्या उतारावरच्या वरकस जमिनीत गवताशिवाय काही होत नाही, कंपनी भाडं देईल आणि जितेंद्रला राखणदाराची नोकरी, मग पोर घरात राहील. जितेंद्र त्यांचा एकुलता एक मुलगा. त्या बसल्यावर मी उठले. ओहोळ, गुरं, उद्याची पिढी, सगळं बोलले. साहेबांवर तर तुटूनच पडले. टाळ्या थांबेनात. ठराव आमच्या बाजूने झाला.

दुसऱ्या दिवसापासून ताक आलं नाही. जाऊन बोलावं असं रोज मनात येतं, पण दारात माणसं असतात, राहून जातं.

सर्वांना यथायोग्य. राग धरू नकोस, सवडीनं मोठं पत्र लिहीन.

तुझी
विनया


॥ श्री ॥
मिरज
१० सप्टेंबर २००९

चि. विनया हिस,
अनेक आशीर्वाद.

सवडीनं लिहिणार होतीस ना? गणपती येऊन गेले, पत्र नाही. परेशने भाऊजींना फोनवर सांगितलं की कंपनीने गाशा गुंडाळला आणि तुझा पेपरात फोटो आला. आम्ही इथे पेढे खाल्ले. उन्नतीने मैत्रिणींना सांगितलं की आमची मावशीआजी कंपनीला भारी पडली.

मग अशी गप्प का? आजारी आहेस का? जिंकलेलं माणूस इतकं गप्प राहत नाही. डिसेंबरात मिरजेला ये, महिनाभर रहा. उत्तर आलं नाही तर भाऊजींना त्या गुडघ्यासकट पाठवीन.

वाट पाहणारी
अक्का


॥ श्री ॥
चांदीप
२२ नोव्हेंबर २००९

ती. अक्का हिस,
विनयाचे सा. न. वि. वि.

आजारी नाही. लिहायला बसले की लाज वाटायची, म्हणून उठायचे.

कंपनी जुलैत गेली. हार झाले, फोटो झाला. त्यानंतर माझ्या ओटीवर कुणी आलं नाही. बंगल्यांतले लोक शनिवार-रविवारचे, तेही पावसात येईनासे झाले. गावातले वाटेत भेटले की नमस्कार करतात आणि पुढे जातात. मी कितीतरी दिवस चहासाठी जास्तीचं दूध घेत राहिले, आणि संध्याकाळी ते विरजण लावून ठेवत राहिले. तुला म्हणून सांगते अक्का, आपण जिंकलो याचं मला वाईट वाटलं. भांडण चालू राहिलं असतं तर माणसं येत राहिली असती.

जितेंद्र भिवंडीला गोदामात कामाला लागला. तिथेच खोली घेतली आहे. चारायला न्यायला कुणी उरलं नाही, म्हणून कृष्णाबाईंनी दोन्ही म्हशी विकल्या. उतारावर यंदा गवत कमरेएवढं वाढलं आणि तसंच उभं वाळलं. मी सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसते. दिसतं छानच.

गेल्या सोमवारी मी वसईला त्या कंपनीच्या कचेरीत गेले. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, विचारून तर बघू, अजून काही जमतं का. सभेत ज्यांच्यावर तुटून पडले होते तेच साहेब समोर. त्यांनी ओळखलं. खुर्ची दिली, पाणी मागवलं. म्हणाले, बाई, दुसऱ्या जिल्ह्यात जागा मिळाली, काम सुरूसुद्धा झालं. फार सौम्यपणे बोलले. टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

तिथून थेट कृष्णाबाईंच्या दारात गेले. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच. अंगणात भात वाळत घातला होता, त्या राखण करत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की मी गेले होते, कंपनीला परत या म्हटलं, ते नाही म्हणाले. त्या बराच वेळ कोंबड्या हाकलत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हनजे आता तुमचं पन कोन आयकत नाय."

बाजूचं गोणपाट ओढून त्यांनी भाताच्या कडेला टाकलं. मी बसले. ऊन उतरेपर्यंत दोघी कोंबड्या हाकलत होतो. जितेंद्रचं नाव त्यांनी काढलं नाही, परेशचं मी काढलं नाही.

डिसेंबरात मिरजेला येणं होईलसं वाटत नाही. त्यांचा भात अजून आत जायचा आहे, आणि राखायला त्या एकट्याच आहेत.

भाऊजींना नमस्कार, उन्नतीला आशीर्वाद. पत्राला उत्तर लवकर लिही, चार ओळी लिहिल्यास तरी चालेल.

तुझी
विनया